चार तासांची गोळी, दिवसभराची गोळी

९ ऑक्टोबर, गुरुवार. लातूर.

आजपासून रोज लिहायचं. खाडा करायचा नाही. डायरी कीटकनाशक कंपनीनं दिलेली, गेल्या साली. दर पानाखाली बोंडअळीचं चित्र आहे. वार जुळत नाहीत, ते खोडून लिहिले की झालं.

विषय: पुनमची गोळी.

पुनमचं नीटचं हे दुसरं वर्ष. मागच्या खेपेला ती लातूरला होस्टेलवर एकटी होती आणि मार्क कमी पडले. एकटी होती म्हणूनच पडले, दुसरं कारण नाही. म्हणून यंदा मी स्वतः आलो. इथं गल्लोगल्ली असंच आहे. पोरगं क्लासला, आणि घरातलं एक माणूस खोली घेऊन त्याच्याजवळ, रांधून घालायला. बाकीच्यांच्या आया आल्यात. बायको जगदेवी पण म्हणत होती मी जाते. मी म्हणलं, तुला धाक ठेवणं जमायचं नाही. ती तिकडं कंधारला आपलं दुकान बघते, पुनम कृषी सेवा केंद्र. खताबियाण्यातलं तिला काही कळत नाही, पण मे महिन्यापर्यंत दुकान बुडू नये एवढीच अपेक्षा आहे. कंधारमध्ये सगळ्यांना सांगून आलोय, मन्मथ आता डॉक्टरचा बाप होऊनच परत येणार. त्यामुळं मधी परत जायचा प्रश्नच येत नाही.

ऑगस्टमध्ये पुनम म्हणली, पप्पा, पान वाचते पण पान संपलं की काय वाचलं ते कळत नाही, लहानपणापासून असंच हाय. क्लासच्या मॅडमनी तिला डॉ. धम्मप्रिया सोनकांबळे यांच्याकडं पाठवलं. मनाच्या डॉक्टर. त्यांनी बऱ्याच वेळा बोलावलं, शाळेतलं विचारलं, जगदेवीशी फोनवर बोलल्या, आणि मग सांगितलं की लक्ष न टिकण्याचा आजार आहे, इलाज आहे. मी म्हणलं आमच्या घराण्यात असलं काही नाही. हे सांगताना माझ्या हातून त्यांचा पेपरवेट खाली पडला.

परवापासून गोळी चालू झालीय. असर चार तास. एक सकाळी नाश्त्यानंतर, एक दुपारी.

मी शास्त्राचा माणूस. बी.एस्सी. अ‍ॅग्री दुसऱ्या वर्षापर्यंत केलंय. शेतात औषध मारून दाखवायचा डेमो प्लॉट कसा बघायचा हे मला कुणी शिकवायची गरज नाही. रोज चक्कर मारायची, पान उलटून बघायचं, लिहून ठेवायचं. तसंच इथं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार.

निरीक्षण चालू. खोली लहान. ती टेबलाशी, मी पलंगावर. तिला डिस्टर्ब नको म्हणून मी बरोबर तिच्या पाठीमागं बसलो, दिसणारच नाही असा. तरी सारखी मागं वळून बघत होती. नोंद: गोळीनं बेचैनी.

दुपारी जेवली नाही. पिठलं केलं होतं, जरा बुडाला लागलं. नोंद: गोळीनं भूक मरते. पाकिटातल्या कागदावर पण हेच छापलंय, म्हणजे माझं निरीक्षण बरोबर.

संध्याकाळी घरमालकीण केवळाबाईंकडं जाऊन ज्वारीच्या दोन भाकरी आणि वांग्याची भाजी खाऊन आली. नोंद: असर उतरला की भूक परत येते.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

दुपारची गोळी क्लासच्या वेळात येते. ती विसरेल, म्हणून मीच घेऊन जातो. मधल्या सुट्टीत गेटवर उभा राहतो. गोळी, पाण्याची बाटली, एक केळं. लांबून दिसावं म्हणून हात वर करून हाक मारतो. तिच्या मैत्रिणी हसतात, पुनम मान खाली घालून येते आणि गोळी गिळून न बोलता जाते. नोंद: गोळीनं स्वभाव बुजरा होतो.

गेटवर व्यंकटराव भेटले. देगलूरचे, आमच्याच गल्लीत खोली आहे, पोरगा शिवांश पुनमच्याच बॅचला. बोलता बोलता निघालं की त्याला पण हाच आजार, हाच इलाज. पण त्याची गोळी वेगळी. सकाळी एकच, दिवसभर चालते. आणि पोरगं टेस्टमध्ये पुनमच्या लई पुढं.

मी त्यांच्या गोळ्यांच्या पट्टीवरचं वाचलं. टेक्निकल एकच, मिथाइलफेनिडेट. आमच्या धंद्यात औषधातल्या असली मालाला टेक्निकल म्हणतात, वर कंपनी काय पाहिजे ते नाव देवो. म्हणजे माल तोच, फक्त हळूहळू सुटणारा. डोक्यात लख्ख उजेड पडला. आमची पुनम साध्या युरियावर आणि देगलूरचं पोरगं हळूहळू विरघळणाऱ्या नीमकोटेडवर. मग उतारा बरोबरीनं कसा येईल?

एवढे दिवस खामखा पोरीला दोष देत होतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार.

डॉक्टरबाईंकडं गेलो. गोळी बदला म्हणलं. बाई शांत आहेत. म्हणाल्या, औषध तेच. एक लवकर सुटतं, लवकर संपतं, दुसरं हळूहळू सुटत राहतं. भारी-हलकी असं काही नाही. कुणाचा दिवस कसा आहे, भूक कशी, झोप कशी, नाडी आणि वजन काय म्हणतं, ते बघून ठरवायचं. दुसऱ्याच्या पोराला मानवली म्हणून आपल्या पोरीला मानवेल असं नाही. आताच चालू केलंय, जरा बघू.

मी त्यांना नीमकोटेड युरिया समजावून सांगितला. सविस्तर सांगितला. बाहेर पेशंट वाढत गेले.

वर बाईंनी लिंकिंग केलं. शेतकरी युरिया मागायला आला की त्याच्या गळ्यात झिंकची पिशवी पण मारायची, त्याला लिंकिंग म्हणतात. मी स्वतः करत नाही, फक्त टंचाईत. बाईंनी गोळीसोबत वेळेवर झोप, रोज थोडं चालणं, अभ्यासाचे लहान लहान तुकडे आणि 'तिला थोडी मोकळीक' एवढं सगळं लावलं. मला लिंकिंग लांबून ओळखू येतं. गोळी तेवढी घेतली, बाकीचं सोडून दिलं.

निघताना म्हणाल्या, एकदा तुमच्याशी पण वेगळं बोलायला आवडेल. साहजिक आहे. प्लॉटवर रोज मी असतो, माहिती माझ्याकडंच आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन.

यंदा दिवाळीला कंधारला जायचं नाही, असा निर्णय मी घेतला. पुनमला विचारलं नाही, कारण ती हो म्हणली असती जायला. जगदेवीनं फराळाचा डबा बसमध्ये घालून पाठवला. चिवड्यानं आळस येतो म्हणून पुनमला थोडाच दिला. बाकीचा वाया जाऊ नये म्हणून मी संपवला.

खोलीत दोघंच. बाहेर फटाके. मी म्हणलं, बघ, सगळी पोरं वेळ घालवून राहिलीत, आपण पुढं चाललो. ती खिडकीतून बघत होती. नोंद: लक्ष बाहेर. असर उतरलेला.

२८ ऑक्टोबर, मंगळवार.

पुनम म्हणते झोप होत नाही. नोंद: झोप उडते. हा पण छापील दुष्परिणाम आहे. एकूण एक माझ्या डायरीत येऊन राहिलेत, आता बाईंना नाही म्हणता येणार नाही.

सकाळी केवळाबाई जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, तुमचं घोरणं खालच्या मजल्यावर येतंय की ओ. म्हातारं माणूस, काहीही ऐकू येतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार.

विजय.

बाईंनी गोळी बदलून दिली. आधी मला बाहेर बसवलं आणि पुनमशी एकटीशी बोलल्या. मला आत घेतलं तेव्हा ठरलेलं होतं. दुपारची गोळी क्लासमध्ये घेणं पुनमला नको वाटतं, तिनं स्वतःच दिवसभराची मागितली, आणि दुपारनंतरचा क्लास लांब असतो म्हणून बाईंना पण ते पटलं. का नको वाटतं ते कुणी सांगितलं नाही. मी पण विचारलं नाही. गोळी मिळाली, मुद्दा संपला. ही पूर्ण गिळायची, चावायची नाही, फोडायची नाही. भूक आणि झोप बघायची. काही वाटलं तर फोन करायचा.

येताना पुनमला म्हणलं, पाहिलंस, लावून धरलं की होतं. तिनं विचारलं, आता तुम्ही गेटवर येणार न्हाई ना? मी म्हणलं गरजच नाही. ती हसली. दिवाळीपासून पहिल्यांदा हसली. नोंद: नुसत्या चिठ्ठीनंच फरक.

औषधाच्या दुकानात माल नव्हता. हे औषध सगळे ठेवत नाहीत, डॉक्टरची चिठ्ठी बघूनच देतात. म्हणाले दोन-चार दिवसांत येईल, तोवर बाईंनी आधीचीच चालू ठेवायला सांगितलंय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.

साडूच्या मुलीचं लग्न माहूरला. जाणं भाग आहे. पुनमला सगळ्या सूचना लिहून भिंतीवर लावल्या. औषध आलं की आण, आणलं की सुरू कर, सुरू केलं की कळव. रविवारी रात्री परत. दोन दिवसांत जग बुडत नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार. कंधार.

जग बुडालं.

रेणुकादेवीच्या पायऱ्या उतरताना पाय मुरगळला. पुनमशी फोनवर होतो, गोळी घेतली का एवढंच विचारत होतो, मधी एक पायरी जास्तीची निघाली. डॉक्टरनं जाड पट्टी बांधलीय आणि पाय टेकायचा नाही म्हणलंय. जगदेवीनं गाडी करून कंधारला आणलं. आता पलंगावर. छताकडं बघून राहिलोय. तिकडं प्लॉट उघडा पडलाय.

फोन केला. गोळी घेतली का? हो म्हणली. जेवलीस का? हो. अभ्यास? हो पप्पा. सकाळ, दुपार, संध्याकाळ असं ठेवलंय. ती सगळ्याला हो म्हणते.

१७ नोव्हेंबर, सोमवार. कंधार.

आला! रिझल्ट आला!

कालच्या टेस्टमध्ये पुनमचे मार्क एकदम वर. नव्वदनं वर. एवढी उडी मी तिच्या आख्ख्या शिक्षणात पाहिली नाही. दिवसभराची गोळी लागू पडली. मी हे गेटवर उभ्या उभ्या ओळखलं होतं.

लगेच व्यंकटरावांना फोन. मग मेव्हण्याला. मग व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस: 'योग्य निदान, योग्य औषध, योग्य मार्गदर्शन.' मार्गदर्शन कुणाचं ते लिहिलं नाही, लोकांना कळतं.

झोप लागते का विचारलं, लागते म्हणली. भूक? लागते. केवळाबाईंकडं जेवण लावलंय आणि तनुजा नावाची मैत्रीण खोलीवर अभ्यासाला येते. म्हणजे या गोळीला दुष्परिणामच नाहीत. साधी गोळी किती वाईट होती ते आता कळून राहिलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. कंधार.

पडल्या पडल्या तक्ता केला. डावीकडं चार तासांची, उजवीकडं दिवसभराची. डावीकडं: बेचैनी, भूक नाही, झोप नाही, बुजरेपणा, मार्क कमी. उजवीकडं सगळं बरोबर. एवढा स्वच्छ फरक मी कापसाच्या प्लॉटवर पण पाहिला नव्हता. लॅमिनेशन करून बाईंना भेट देणार.

गावातले दोघं विचारत आले, आमच्या पोराला पण ती गोळी सांगा. मी म्हणलं, तसं नसतंय बाबा, आधी डॉक्टरनं तपासावं लागतं, हे काय टॉनिक आहे का. जबाबदारीनं बोललो. मग त्यांना तक्ता दाखवला.

खालून दुकानाचा आवाज येतो. हरभऱ्याच्या बियाण्याची गर्दी आहे. जगदेवी दिवसभर बोलत असते. मी वरून दोन सूचना दिल्या. तिनं ऐकू आलं नाही असं दाखवलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. लातूर.

पाय टेकवतो आता. न सांगता आलो. सरप्राइज.

दार उघडं होतं. पुनम आणि ती तनुजा खाली चटईवर बसून एकमेकींना प्रश्न विचारत होत्या आणि हसत होत्या. अभ्यासात हसणं म्हणजे वेळ घालवणं. टेबल भिंतीकडचं उचलून खिडकीकडं केलेलं. माझ्या सूचनांचा कागद भिंतीवर नव्हता.

तनुजाला प्रेमानं सांगितलं की आता मी आलोय, तू तुझ्या खोलीवर बस. टेबल परत भिंतीकडं केलं. केवळाबाईंचं जेवण बंद केलं, उद्यापासून घरचं. पुनम बघत होती. तिला वाटलं मी महिनाअखेर येणार.

टेबलावर दिवसभराच्या गोळीचं पाकीट होतं. ते हातात घेऊन बघितलं. बरं वाटलं.

१ डिसेंबर, सोमवार.

मार्क खाली. होते तिथंच आले, वर थोडे अजून खाली.

सकाळभर विचार केला. माणूस तोच, गोळी तीच, मग पीक का झोपलं? उत्तर एकच: माल खराब. दुसऱ्या पाकिटाची बॅच वेगळी असणार. दुकानदारानं उन्हात ठेवली असणार. बोगस माल काय असतो हे मला सांगायची गरज नाही, आम्ही रोज कंपन्यांशी तकरार करतो.

परत तेच सगळं चालू झालंय. जेवत नाही, मागं वळून बघते, सकाळी डोळे लाल. आज जेवताना मी विचारलं गोळी पूर्ण गिळतेस ना, तोंड उघडून दाखव. तिनं दाखवलं. मग ताट तसंच ठेवून उठली आणि बाथरूममध्ये गेली. नळ बराच वेळ चालू होता. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. नोंद काय करावी सुचलं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळ.

लिहितोय. लिहायचं ठरलंय म्हणून लिहितोय.

बाईंकडं गेलो. तक्ता नेला होता, लॅमिनेशन केलेला. मी मांडणी केली: पहिली चार तासांची, तिचे परिणाम असे. मग सात नोव्हेंबरनंतर दिवसभराची, तिचे परिणाम असे. आणि आता बोगस बॅच. कंपनीला लिहा म्हणलं.

बाईंनी तक्ता वाचला. पूर्ण वाचला. मग पुनमकडं बघितलं आणि म्हणाल्या, तुला काही सांगायचंय का, पप्पा इथं असताना सांगू शकतेस. पुनम पायाकडं बघत होती. मला वाटलं काही सांगणार नाही, ती कधी सांगत नाही.

"पप्पा, तुम्ही माहूरला गेलात तवा औषध आलंच नव्हतं. तुम्ही परत आलात त्याच दिवशी सकाळी आलं. मधी सगळे दिवस मी जुनीच गोळी घेत होते."

मी म्हणलं, शक्य नाही. रोज विचारत होतो गोळी घेतली का. ती म्हणली, घेतच होते, कोणती ते तुम्ही विचारलं न्हाई. मी म्हणलं, मग मार्क कसे वाढले, गोळी तीच, मग बदललं काय?

"तुम्ही न्हवता."

हळू आवाजात म्हणली. रागानं नाही. रागानं म्हणली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

मग बाई बोलल्या. एका टेस्टवरून गोळीचं काही ठरवता येत नाही, ना वाढलेल्या मार्कांवरून ना पडलेल्या. नव्या गोळीला पण अजून वेळ द्यायचाय. पण पोरीला झोपायला, जेवायला, बसायला जागा पाहिजे, ती कोणत्याच गोळीत मिळत नाही. असं काहीतरी. मी तक्त्याकडं बघत होतो. डेमो प्लॉटचा पहिला नियम: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शेतकऱ्यांना मी हे पाठ म्हणून दाखवतो.

येताना रिक्षात तक्ता उलटा करून मांडीवर ठेवला. मला लई वाईट वाटलं. ते लिहून ठेवतो, बाकी काही लिहायचं नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार. सकाळ.

रात्रीतून विचार पक्का झाला. एका निरीक्षणानं सिद्ध होत नाही, बाई स्वतःच म्हणाल्या. योगायोग असू शकतो. देवीला नवस बोललो होतो, त्याचा परिणाम असू शकतो.

तरी शास्त्राचा माणूस म्हणून मी प्रयोग करायला तयार आहे. खोली सोडतो. लातूर सोडायची गरज नाही. व्यंकटरावांच्या खोलीत एक कोपरा आहे. तिथून पुनमला मी दिसणार नाही, पण मला तिची खिडकी दिसते.

पुनमला सांगितलं की कंधारला चाललो. बॅग उचलून द्यायला खाली आली. पाया पडली. पाय दुखतो का विचारलं. मला क्षणभर सगळं खरं सांगून टाकावंसं वाटलं, पण मग प्रयोग बिघडला असता.

९ डिसेंबर, मंगळवार.

व्यंकटरावांच्या खोलीत आम्ही तिघं. शिवांश माझ्याकडं बघत अभ्यास करतो. व्यंकटराव काल चहा पिताना म्हणाले, पोरगं जेवून नाही राहिलं ओ, गोळीनं असंल का? मी कप विसळायला उचलला.

पुनमची खिडकी दिसते. आज बराच वेळ बघत होतो. ती टेबल परत खिडकीकडं सरकवून राहिली होती, तनुजा दुसऱ्या बाजूनं उचलत होती. टेबल ठेवलं, मान वर केली आणि सरळ माझ्याकडं बघितलं. मी पडदा ओढायला गेलो, तर या खिडकीला पडदा नाही.

तिनं हात केला नाही, ओरडली नाही. हळूच आपली खिडकी लावून घेतली. दिवसा, उजेडात, टेबल खिडकीशी आणून.

व्यंकटरावांना सांगितलं, दुपारच्या गाडीनं निघतो.

१२ डिसेंबर, शुक्रवार. कंधार.

गावात सांगितलं, पायामुळं परत आलो. लंगडतोय. घरात लंगडावं लागत नाही.

दुकान ओळखू येईना. जगदेवीनं काउंटर दारापाशी आणलाय, बियाण्यांचे बोर्ड लावलेत, माल लावायची पद्धत बदललीय. मी माझ्या खुर्चीवर जाऊन बसलो तर तिथं आता वजनकाटा आहे. एक शेतकरी आला, मी म्हणलं बोला. तो म्हणला, वहिनी कुठं गेल्या? थांबतो म्हणला. आणि थांबला.

आतल्या बाजूला तणनाशकांच्या खोक्यांजवळ एक प्लास्टिकची खुर्ची मोकळी आहे. तिथं बसतो. तिथून सगळं दिसतं.

पुनमला फोन नाही. दोन दिवस झाले, केला नाही. केला होता, उचलण्याआधी कट केला.

२२ डिसेंबर, सोमवार. कंधार.

महत्त्वाचा दिवस. तारीख लाल पेननं लिहिलीय.

पुनमचे मार्क आले. कमी. मागच्यापेक्षाही कमी. फोन जगदेवीला आला, मला नाही. ती गिऱ्हाईक करता करता सहज बोलली, जणू काही विशेष नाही.

मला आनंद झाला असं मी लिहिणार नाही. पण बाहेर जाऊन चहा पिऊन आलो, भजी पण घेतली. कारण आता हिशेब साफ आहे. मी असताना कमी, मी नसताना पण कमी. म्हणजे मी कारण नव्हतो. उगाच पोरीच्या बोलण्यावर मी मनाला लावून घेतलं. पोरीला माझी गरज आहे, फक्त पद्धत बदलायची. मागं बसायचं नाही, बाजूला बसायचं. पिठलं बंद, खिचडी. घोरण्यावर नाकाला लावायची पट्टी मिळते.

बॅग भरली. दोन जोडी कपडे, स्वेटर, तक्ता नको, नवीन कोरी डायरी. दुपारची गाडी आहे. यावेळी सरप्राइज नाही, सांगून जायचं. म्हणून फोन केला.

तिनं लगेच उचलला. मी म्हणलं, मार्क कळले, घाबरू नको, मी येतोय. तिकडून तनुजाचा आवाज येत होता, मग दार लावल्याचा. पुनम खोलीबाहेर आली असेल.

"पप्पा, मार्क कमी आलेत, मला माहीत हाय. तरी तुम्ही येऊ नका. मला इथं बरं वाटून राहिलंय."

मी म्हणलं, गोळीचं काय? म्हणली, मी आणि डॉक्टर मॅडम बघून राहिलो, पुढच्या आठवड्यात जाणार आहे. मग तिनं विचारलं, तुम्ही जेवलात का? मी हो म्हणलं. पाय? बरा आहे म्हणलं. सगळ्याला हो म्हणत गेलो.

लाइन एकदम स्वच्छ होती. शब्द न् शब्द ऐकू आला.

जगदेवीनं खालून विचारलं, निघालात का, गाडीची वेळ झाली. मी म्हणलं, नाही. स्वेटर तेवढा बाहेर ठेवला, संध्याकाळी गार पडतं. बाकीचे कपडे काढून परत कपाटात लावले.